चौदाव्या दिवसाची चूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात निधनवार्ता येतात. अंत्ययात्रा किती वाजता, रक्षाविसर्जन कधी, दशक्रिया कुठे, हे सगळे त्यात असते आणि त्यामुळे माणसे वेळेवर पोचतात. हे पत्र त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. तेराव्याचे गोड जेवण उरकते, पाव्हणे गाड्या धरतात, मांडववाला सतरंज्या आणि मोठी भगुणी उचलून नेतो. चौदाव्या दिवशी सकाळी घरात एकदोन माणसे उरतात आणि चहाच्या पातेल्यापासून सगळे पुन्हा सुरू करायचे असते. अशा वेळी घरचे साधे जेवण आणि थोडा प्रवास माणसाला खरा आधार देतात, असे माझे ठाम मत आहे. मात्र जेवण एका माणसाच्या मापाचे हवे आणि प्रवास अर्ध्या दिवसाचा. त्याचे तपशील कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या तेरा दिवसांत सोलापुरात सहसा कोणी उपाशी राहत नाही. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या घरांच्या रीती निरनिराळ्या आहेत, कुणाकडे सुतक पाळतात, कुणाकडे नाही, पण भावकीतून आणि शेजारातून डबा येतोच. अडते ते वेळेवर खाण्याचे. दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघता बघता दुपारचे दोन वाजतात. घरातल्या मधुमेही माणसाने सकाळची गोळी घेतलेली असते किंवा इन्सुलिन टोचलेले असते आणि पोटात फक्त चहा असतो. दरदरून घाम, हातापायाला कंप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत, पण भोवतालच्यांना तो रडण्याचा शीण वाटतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. १५ मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि बरे वाटू लागले की भात किंवा भाकरी खायला घालावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाला आणि गरोदर बाईला कावळा शिवेपर्यंत उपाशी ठेवणे मला अजिबात मान्य नाही. गुरुजींना आदल्या दिवशीच तसे सांगून ठेवावे.

चौदाव्या दिवसापासून पहिली अडचण मापाची येते. वर्षानुवर्षे चार माणसांचा स्वयंपाक केलेला हात आपोआप चार माणसांचे तांदूळ काढतो. उरलेला भात दोन दिवस फ्रीजमध्ये राहतो, मग टाकावा लागतो, आणि टाकताना जे मनाला लागते त्याने पुढच्या दिवशी स्वयंपाकच नकोसा होतो. उपाय भांड्यांपासून करावा. मोठा तवा, मोठी कढई, चार जणांची पातेली वर फडताळात ठेवून द्यावीत. लोखंडाची लहान कढई, सहा-सात इंचांचा तवा, दोन लहान पातेली आणि एकच ठरलेली वाटी खाली ठेवावी. ती वाटी साधारण १५० मिलिलिटरची असावी आणि रोज तीच वापरावी, म्हणजे तीनचार दिवसांत हाताला नवे माप कळते. हे काम घरातल्या माणसाला एकट्याने करायला लावू नये. बहीण, मुलगी, सून, मित्र, जो कोणी तेराव्यापर्यंत थांबला असेल त्याने गाडी धरण्याआधी बसून ते करून द्यावे. गेलेल्या माणसाचे ताट, त्याचा चहाचा कप मात्र न विचारता हलवू नये. तो कुठे ठेवायचा ते घरचे माणूस ठरवील.

एका माणसाची खिचडी अशी. पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, दोन्ही धुऊन २० मिनिटे भिजवावे. दोन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग, अर्धा चमचा जिरे, चवीपुरते मीठ. हे थेट पाच लिटरच्या कुकरात टाकले तर चुकते. एवढ्या थोड्या पाण्याची वाफ मोठ्या कुकरात धरत नाही, शिट्टी होत नाही आणि खिचडी बुडाला लागते. म्हणून कुकरात तळाशी दीड-दोन पेले पाणी घालून, वर झाकणाच्या उभ्या डब्यात खिचडी ठेवावी. चार शिट्ट्या कराव्यात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. डबा तीन चतुर्थांशाहून जास्त भरू नये, नाहीतर खिचडी उतू जाऊन झडपेत अडकते. वरून चमचाभर तूप. दुःखात तोंडाची चव जाते, म्हणून माणसे मीठ-तिखट वाढवत जातात आणि मग पोटात आग पडते, रक्तदाबही वाढतो. मीठ न वाढवता लिंबाची फोड पिळावी. आंबटाने तोंडाला पाणी सुटते आणि घास उतरतो.

पिठले याहूनही सोपे, पण त्यात दोन ठिकाणी घोळ होतो. पाव वाटी बेसन आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवून घ्यावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कोरडे बेसन उकळत्या पाण्यात वैरले तर एकट्या हाताला ते सांभाळत नाही. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, तीन पाकळ्या ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, लहान कांदा परतून हळद घालावी, पाऊण वाटी पाणी ओतून उकळी आली की कालवलेले बेसन सोडावे आणि सारखे हलवत राहावे. मीठ घालून झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी. ही वाफ चुकवली की बेसनाचा कच्चट वास राहतो आणि खाणाऱ्याला वाटते आपलीच चव गेली. भाताबरोबर खायचे असेल तर पाणी पाव वाटी वाढवावे.

भाकरीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण सोलापूरच्या घरात जेवण म्हणजे भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि इथल्या काळ्या जमिनीतल्या मालदांडी ज्वारीची भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला तिचे कौतुक सांगायला नको. महिनाभराने बाई पुन्हा परातीपुढे बसते, पीठ मळते, थापायला घेते आणि भाकरीला कडेने भेगा पडतात. उचलून तव्यावर टाकायला जावे तर मधून तुटते. तिला वाटते, हाताची कला गेली, माणसाबरोबर सगळेच गेले. प्रत्यक्षात पिठाची विरी, म्हणजे गोळा धरून ठेवण्याचा गुण, गेलेला असतो. मयताच्या आधी दळून आणलेले पीठ डब्यात महिनाभर पडून असते. ज्वारीचे पीठ उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत विरी सोडते, आणि बाजरीचे तर आठवड्यात कडवट होते. हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

ते पीठ वापरायचेच असेल तर उकड काढावी. एका भाकरीला पाऊण वाटी पीठ घ्यावे. अर्धी वाटी पाण्याला चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळावे, पिठात ओतून उलथन्याने कालवावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. हाताला सोसेल इतके गरम असताना तळहाताच्या मुळाने रगडून मळावे. पीठ कोरडे वाटले तर पाण्याचा हात लावत जावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच गोळा धरून ठेवतो. थापताना खाली कोरडे पीठ भुरभुरावे, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी लगेच फिरवावे, आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटावी. पाणी सुकून गेले तर पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. तवा कमी तापला असेल तर ती वातड होते. शेवटी आरावर किंवा गॅसच्या मोठ्या आचेवर शेकावी. पुढचे दळण मात्र किलोभराचेच आणावे. शेजाऱ्याला खरेच काही करायचे असेल तर त्याने दुःखातल्या घरची ज्वारी निवडून, गिरणीवरून दळून आणून द्यावी. फुलांच्या हारापेक्षा त्या किलोभर ताज्या पिठाचे मोल जास्त.

भाकरी थापायचा जोर नसेल त्या दिवशी कडक भाकरी आहेच. सोलापुरात ती घरोघरी आणि दुकानोदुकानी मिळते. कोरड्या डब्यात पंधरा दिवस सहज टिकते, पण एकदा हवा लागली की सादळते. सादळलेली भाकरी गरम तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर ठेवली की पुन्हा कडक होते. गरम आमटीत कुस्करून दोन मिनिटे मुरू द्यावी, म्हणजे दात नसलेल्या आप्पांनाही खाता येते.

घास गिळवतच नाही अशा दिवसांत आंबील करावी. दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ अर्ध्या वाटी ताकात रात्री कालवून ठेवावे. उन्हाळ्यात सहा तास पुरतात, थंडीत दहा-बारा लागतात. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण हळूहळू सोडत आठ मिनिटे हलवावे. भांड्याच्या तळाला घासून हलवले नाही तर गोळे धरतात आणि लागते. ठेचलेला लसूण, जिरेपूड, मीठ घालून खाली उतरवावी. कोमट झाल्यावर अर्धी वाटी ताजे ताक घालावे. उकळत्यात ताक घातले तर फाटते आणि चोथापाणी होते. आंबील पेल्याने पिता येते, ताट वाढून समोर बसावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. रडून, जागून, न पिऊन माणसाचे पाणी आधीच कमी झालेले असते. त्या दिवसांत सकाळी एक आणि दुपारी एक पेला आंबील पोटात गेली तरी बराच धीर येतो.

शेंगदाण्याची चटणी पंधरा दिवसांची करून ठेवावी. एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजावेत. घाईत मोठ्या आचेवर भाजले तर साल करपते, आत कच्चे राहतात आणि चटणी लवकर खवट होते. आठ पाकळ्या लसूण, चमचाभर जिरे, दीड चमचा तिखट, मीठ. नेहमीच्या सोलापुरी चटणीला तिखट याहून जास्त घालतात, पण रिकाम्या पोटी ते सोसत नाही. उखळात कुटली तर दाण्याचे तेल सुटून ती आपोआप जमून येते. मिक्सर असेल तर दोन-तीन सेकंदच फिरवून थांबवत राहावे, नाहीतर खाली लगदा होतो आणि वर दाणे तसेच राहतात. ओला चमचा बरणीत घातला की लसणाला बुरशी येते, एवढे सांभाळावे.

ज्या घरातली बाई गेली आणि मागे पुरुष राहिला, तिथे प्रश्न वेगळा आहे. ज्याने साठ वर्षांत गॅस पेटवलेला नाही, त्याला एकदम भाकरी शिकवायला बसू नये. चहा, कुकरचा भात, वरण, पिठले, मग थालीपीठ आणि सर्वांत शेवटी भाकरी, असा क्रम ठेवावा. पहिल्या आठवड्यात रोज एकच पदार्थ, तोच तोच. आणि गॅसचे आधी शिकवावे. शोकातल्या माणसाचे लक्ष टिकत नाही, दूध ठेवून तो खिडकीशी जाऊन बसतो. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो. म्हणून दूध-चहा चुलीपुढे उभे राहूनच करायचा, फोन आला तर आधी बटण बंद करायचे, रात्री निजताना सिलिंडरचे रेग्युलेटर बंद करायचे. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून बाहेर यायचे आणि १९०६ या क्रमांकावर कळवायचे. हे कागदावर ठळक लिहून ओट्याच्या वर चिकटवून द्यावे. मुले पुण्या-मुंबईला असतात, ती वडिलांना महिन्याचा डबा लावून देतात. डबा वाईट नाही, पण सकाळचा चहा आणि रात्रीचा भात तरी माणसाने स्वतः करावा. दिवसात हाताला दोन ठरलेली कामे मिळतात आणि सकाळ-संध्याकाळ कळते.

शेजाऱ्यांना दोन शब्द. “काही लागलं तर सांगा” असे आपण सगळेच म्हणतो आणि कोणीच काही सांगत नाही. त्याऐवजी “मावशी, उद्या सात वाजता पिठलं-भाकरी घेऊन येते, दोघी मिळून जेवू” असे म्हणावे आणि सातला जावे. आपल्याकडे रिकामे भांडे परत करत नाहीत, त्यामुळे आलेल्या डब्यात काय घालून पाठवायचे याचा त्या माणसावर भार पडतो. म्हणून जेवण त्यांच्याच भांड्यात काढून आपला डबा लगेच उचलावा. तेराव्यानंतर मिठाईचे बॉक्स, तळलेला फरसाण आणि डझनभर केळी यांचा ढीग नेऊ नये. सोललेला लसूण, निवडलेली मेथी, भाजलेले दाणे न्यावेत. काही घरांत गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ वर्षभर करत नाहीत, काशी-गयेला जाऊन तो कायमचा सोडणारेही आहेत. दुसऱ्या काही घरांत तोच पदार्थ मुद्दाम करावासा वाटतो. शेंगापोळी आवडायची म्हणून महिन्याच्या तिथीला कोणी शेंगापोळी लाटत असेल तर तिला अडवू नये, आणि कोणी सोडली असेल तर आग्रह करू नये.

आता प्रवासाचे. तेरावे झाले की नातलगांना वाटते, घरच्या माणसाला लगेच काशी-गया किंवा चारधाम घडवावे. हेतू चांगला असतो, पण रात्र रात्र न झोपलेल्या, चार घास खाणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांच्या बसमध्ये बसवणे जिवावर येते. रोज नवे गाव, नवे पाणी, अवेळी जेवण आणि चाळीस अनोळखी माणसांना “कोण गेलं, काय झालं होतं” हे पुन्हा पुन्हा सांगणे. मोठी यात्रा वर्षश्राद्धानंतर करावी. आधी चालण्यापासून सुरुवात करावी.

सोलापुरात त्यासाठी फार चांगली सोय आहे. सिद्धरामेश्वरांनी शहरात आणि भोवती ६८ लिंगांची स्थापना केली. ती एका दमात पाहायची गरज नाही. एका सकाळी जवळची दोन, पुढच्या सोमवारी आणखी दोन, असे शहर पायाखालून घालत जावे. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी किंवा कंबर तलावाला सकाळी साडेसहाला गेले की ऊन चढायच्या आत घरी येता येते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत मात्र जानेवारीत गर्दी फार असते. ज्याला माणसांत मिसळणे अजून जमत नाही त्याने तेव्हा तिकडे जाऊ नये.

मग अर्ध्या दिवसाचा प्रवास. अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आतबाहेर आहे, एसटीने साधारण तासाभराचा रस्ता. तिथल्या अन्नछत्रात पंगतीला बसावे. ज्या माणसाला घरच्या ताटापुढे रडू येते, त्याच्या घशाखाली पंगतीत घास उतरतो, कारण शेजारी बसलेला कोणी काही विचारत नाही आणि वाढणारा आग्रहाने वाढतो. तुळजापूर ४५ किलोमीटर. पंढरपूर सत्तरच्या वर आहे. एकादशी आणि तिच्या आधीचा-नंतरचा दिवस टाळावा, आणि पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहण्याऐवजी मुखदर्शन घेऊन चंद्रभागेच्या वाळवंटात बसावे. शांतता हवी असेल तर हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम, काठावर संगमेश्वराचे जुने देऊळ, १०१८ सालचा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग. तिकडे एसटी मोजकी आहे, त्यामुळे परतीची गाडी ठरवूनच निघावे, पाणी आणि जेवण बरोबर न्यावे. बार्शी रस्त्यावरचे नान्नजचे माळरान हिवाळ्यात सकाळी पाहावे. माळढोक पक्षी आता दिसणे कठीण, पण काळवीट दिसतात, आणि उघड्या माळावर लांबवर नजर जाते. नळदुर्गचा पाणीमहाल बोरी नदीला पूर असेल तेव्हाच बघण्यासारखा. उन्हाळ्यात त्या किल्ल्यावर सावली नाही, तेव्हा वयस्कर माणसाला नेऊ नये.

पैशाची अडचण असेल तर एसटीच्या सवलती लक्षात ठेवाव्यात. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. कर्नाटकातल्या विजापूर किंवा गाणगापूरला जाताना हद्दीपुढचे पूर्ण भाडे पडते, त्यावरून वाहकाशी वाद होतात. आधारकार्ड जवळ ठेवावे. पतीच्या निधनानंतर अनेक बायकांची कागदपत्रे दिराकडे किंवा मुलाकडे कामासाठी गेलेली असतात, ती परत मागून घ्यावीत.

बरोबर न्यायला धपाटे सर्वांत चांगले. एक वाटी ज्वारीचे पीठ, पाव वाटी बेसन, पाव वाटी कणीक, तिखट, हळद, ओवा, तीळ, मीठ. दह्यात आणि लागेल तेवढ्या कोमट पाण्यात मळून, ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून तेल सोडावे आणि मध्यम आचेवर भाजावे. एवढ्यात चार होतात, म्हणजे दोघांचे भागते. प्रवासाच्या धपाट्यात कांदा घालू नये, त्याचे पाणी सुटून दिवसात आंबतात. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. गरम भरले की झाकणाला घाम धरतो, धपाटे चिकट होतात. दहीभात उन्हाळ्यात चार तासांपलीकडे नेऊ नये. रोजची औषधे सामानाच्या पिशवीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत, सोबत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. पहिल्या प्रवासात बरोबर एकच माणूस असावे, आणि ते फार न बोलणारे असावे.

प्रवासातला अवघड भाग परतीचा असतो. दिवसभर बरे वाटलेले माणूस कुलूप काढून अंधाऱ्या घरात पाऊल टाकते आणि सगळे दुःख पुन्हा एकदम अंगावर येते. तेवढ्यासाठी परतीची गाडी दिवस असतानाच घरी पोचेल अशी धरावी. निघण्याआधी खिचडीचे तांदूळ-डाळ मोजून वाटीत काढून ठेवावे, कुकरात पाणी घालून ठेवावे. शेजारी किल्ली देऊन, संध्याकाळी दिवा लावायला सांगावे. आल्या आल्या हातपाय धुऊन तांदूळ भिजत घातले की पुढचा तास कामात जातो.

डिसेंबर-जानेवारीत शेतावर हुरडा असतो, वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला भज्जी ही मिश्र भाजी आणि आंबील असते. दुःखातल्या घराला “यंदा त्यांचं काही नाही” म्हणून वगळू नये. गाजावाजा न करता दोन माणसांना गाडीत घालून न्यावे, निखाऱ्यापाशी बसवावे, हुरडा चोळायला हातात द्यावा. कोवळा असताना दोन मुठी पुरेत, रिकाम्या पोटी जास्त खाल्ला तर पोट धरते.

हे सगळे करूनही काही माणसे सावरत नाहीत. कपडे सैल होत जातात, आठवडे आठवडे झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे सुरू होते. तिथे खिचडी आणि अक्कलकोट पुरत नाही, डॉक्टर लागतो. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, मोफत आणि चोवीस तास. मराठीतूनही बोलता येते. फोन लावून त्या माणसाच्या हातात द्यावा, नुसता नंबर देऊन निघून जाऊ नये.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत पाककृती येतात, त्या चार ते सहा जणांसाठी असतात. या शहरात एकटी राहणारी माणसे किती आहेत ते आपल्या निधनवार्तांच्या पानावरूनच कळते. प्रत्येक पाककृतीखाली एका माणसाचे प्रमाणही एका ओळीत द्यावे. नुसता चारने भाग देऊन चालत नाही, पाणी आणि फोडणी त्या हिशेबाने कमी होत नाहीत, म्हणून ते प्रमाण करून पाहूनच छापावे. आणि माप वाटी-चमच्याने द्यावे. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात वजनकाटा नसतो.

आपला,
एक वाचक, सोलापूर